अनुदिनी, पार आणि चव्हाटा

मराठी टीकेने ज्या लेखनप्रकारांकडे अद्याप पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही, त्यांत अनुदिनीची गणना करावी लागेल. 'ब्लॉग' या शब्दाला 'अनुदिनी' हा प्रतिशब्द सुचविला गेला आणि तो काही काळ बऱ्यापैकी रुळलाही. बोलण्यात मात्र आपण 'ब्लॉग'च म्हणतो. शब्द कोणताही पत्करला तरी वस्तू एकच आहे. एका व्यक्तीने, कोणा संपादकाच्या संमतीची वाट न पाहता, आपल्या नावाच्या पत्त्यावर, तारीखवार प्रसिद्ध केलेले लेखन म्हणजे अनुदिनी. त्यात प्रवास येतो, पाककृती येते, आजोळच्या आठवणी येतात, संगीताच्या मैफलीचा वृत्तान्त येतो, आणि कधी कधी उत्तम लघुनिबंधही येतो. फडके, खांडेकर, काणेकर यांनी ज्या आत्मपर निबंधाला 1926 नंतरच्या काळात बहर आणला आणि जो पुढे सांकेतिक होऊन कोमेजला, त्याचे एक रानटी पण जिवंत रोप या नव्या जमिनीत उगवले आहे असे म्हणावयास हरकत नाही.

या अनुदिनीकाराने समाजमाध्यमांचा उपयोग कसा करावा आणि त्यापासून त्याला लाभ कोणता, हा प्रश्न सहसा व्यापाऱ्याच्या भाषेत विचारला जातो. किती लोकांनी पाहिले, किती जणांनी पुढे धाडले, किती 'अनुयायी' वाढले, असा तो हिशेब असतो. दुकानदाराला तो आवश्यकच आहे. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने हा प्रश्न निराळ्या रीतीने मांडावा लागतो: लेखकाला जे एरवी मिळाले नसते असे काय त्याला या माध्यमांतून मिळते, आणि ते घेताना त्याच्या लेखनाचे काय होते? माझे उत्तर असे आहे की, खरा लाभ संख्येचा नाही. तो दूरच्या वाचकाचा आणि त्या वाचकाने केलेल्या दुरुस्तीचा आहे. आणि तो लाभ लेखकाने आपले घर राखले तरच टिकतो.

प्रथम घराविषयी. स्वतःच्या घरातून लिहिणारा लेखक मराठीला नवा नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली 'निबंधमाला' सुरू केली. तिचे 84 अंक निघाले आणि त्यांतील मजकूर जवळजवळ एकहाती होता. विषय कोणता, लांबी किती, कोणावर कोरडे ओढावयाचे, हे सारे शास्त्रीबोवाच ठरवीत. ते मासिक होते खरे, पण वृत्तीने ती एका माणसाची अनुदिनीच होती. 1881 साली 'केसरी' निघाला, तेव्हा तेच चिपळूणकर आपल्या सहकाऱ्यांसह लोकांच्या गजबजाटात उतरले. उलट उदाहरण लोकहितवादींचे. त्यांची शतपत्रे 1848 ते 1850 या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकरा'त, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत प्रसिद्ध झाली. तरीही ती आज आपल्या हाती आहेत. कारण छापील कागद कोणी ना कोणी जपून ठेवतो. दुसऱ्याच्या जागेत लिहिण्यात त्या काळी मोठा धोका नव्हता.

आज तो आहे. 'जिओसिटीज' नावाच्या वसाहतीत हजारो लोकांनी आपापली पाने थाटली होती. ती 2009 मध्ये बंद झाली. 'ऑर्कुट'वर एके काळी मराठी मंडळींचे किती तरी समूह गजबजलेले असत. सप्टेंबर 2014 मध्ये त्याचे दार मिटले. 'गूगल प्लस' 2019 मध्ये गेले. त्या गप्पांबरोबर बरेचसे टाकाऊ नाहीसे झाले हे खरे, पण चांगले काय गेले याची मोजदाद आता कोण करणार? अनुदिनीही परक्याच्याच यंत्रावर असते, हा आक्षेप रास्त आहे. तथापि तिला स्थिर पत्ता असतो, तिच्यातील लेखांची तारीखवार जुळणी असते, सारे लेखन एकगठ्ठा उतरवून घेता येते, आणि इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहालयाला तिची प्रत ठेवणे शक्य होते. समाजमाध्यमावरील मजकूर आठवड्याभरात इतका खाली जातो की, तो लिहिणाऱ्यालाही पुन्हा सापडत नाही.

आता मी हे जेथून लिहीत आहे त्या जागेविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण माझ्या मताची मुळे तेथे आहेत. उणकल हे हुबळी आणि धारवाड यांच्या मधले, हुबळीला लागून असलेले गाव. 1962 साली दोन्ही शहरांची एक महानगरपालिका झाली आणि उणकल त्या जोडशहराचा भाग बनले. येथे एक मोठा तलाव आहे, एक लहानसे रेल्वेस्थानक आहे, आणि चंद्रमौळीश्वराचे चालुक्यकालीन देऊळ आहे. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता; राज्यपुनर्रचनेनंतर तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. तेव्हापासून येथल्या मराठी लेखकाची स्थिती मोठी चमत्कारिक झाली आहे. तो ज्या भाषेत लिहितो ती त्याच्या शेजाऱ्याला वाचता येत नाही, आणि पुष्कळदा त्याच्या नातवालाही येत नाही. भाजीबाजारात कन्नड, कचेरीत इंग्रजी, देवघरात मराठी, असा त्याचा दिवस जातो. यात गाऱ्हाण्याचे कारण नाही. कन्नड ही समृद्ध वाङ्मयाची भाषा आहे आणि तिच्या छायेत वाढणे हे भाग्यच. परंतु लेखकाला वाचक लागतो, आणि तो येथे शेजारी राहत नाही.

या अडचणीतून थोर मराठी लेखन कसे निर्माण होऊ शकते याचे उदाहरण धारवाडनेच दिले आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. सभासंमेलने त्यांनी कटाक्षाने टाळली. 'निळासावळा' (1959) पासून 'काजळमाया' (1972) आणि 'पिंगळावेळ' (1977) पर्यंतचे त्यांचे कथाविश्व धारवाडमधल्या त्या एकांतात घडले. आपण या एकांताचे इतके कौतुक करतो की, त्याला एक खिडकी होती हे विसरून जातो. ती खिडकी टपालाची. जी. ए. पत्रे लिहीत, लांब, मनमोकळी, वाचलेल्या पुस्तकांनी आणि पाहिलेल्या चित्रपटांनी भरलेली. त्यांच्या पश्चात निवडक पत्रांचे खंड प्रसिद्ध झाले. त्यांतील पहिल्या खंडातील पत्रे सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेली आहेत, आणि सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रेही पुढे 'प्रिय जी. ए.' या नावाने ग्रंथरूप झाली. मुंबईचे 'सत्यकथा' मासिक कथा छापी, त्याचे संपादक लेखकांशी पत्राने बारकाईची चर्चा करीत, आणि धारवाडचा पोस्टमन हे सारे दारी आणून टाकी. कथा ही लेखकाचे घर, पत्र ही खिडकी. जी. एं.नी एकाची जागा दुसऱ्याला कधी दिली नाही.

त्याच धारवाडात कन्नड लेखकांनी याहून निराळी योजना केली होती, ती मराठी वाचकास फारशी ठाऊक नसते. द. रा. बेंद्रे यांच्याभोवती 1920 नंतरच्या दशकात 'गेळेयर गुंपु', म्हणजे मित्रमेळा, जमला. घरी मराठी बोलणाऱ्या बेंद्र्यांची कन्नड कविता त्या मित्रांच्या बैठकीत वाचली जाई, तिच्यावर वाद होई. 1933 साली गो. बा. जोशी यांनी 'मनोहर ग्रंथमाला' सुरू केली. तिचे माडीवरचे 'अट्ट' हे लेखकांच्या गप्पांचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध झाले. ग्रंथमाला वर्गणीदारांच्या बळावर चाले, म्हणजे आपले वाचक कोण हे प्रकाशकास नावानिशी ठाऊक असे. बैठक, पत्र आणि वर्गणीदारांची यादी या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या. समाजमाध्यमांनी लेखकाला जे देऊ केले आहे, ते नीट पाहिले तर याच तिन्हींचे नवे रूप आहे.

उणकलमधल्या आजच्या मराठी लेखकाला 'सत्यकथा' नाही. ती 1982 सालीच बंद पडली. संपादकाचे पत्र नाही, मित्रमेळा नाही. त्याने अनुदिनी सुरू केली तर ती जगातील कोणालाही वाचता येते, हे खरे. परंतु जी कोणालाही वाचता येते ती कोणी वाचतोच असे नाही. पूर्वी अनुदिनीवरील नवा लेख वाचकाकडे आपोआप नेणारी 'गूगल रीडर'सारखी साधने होती. ते साधन 2013 साली बंद झाले आणि वाचक हळूहळू फेसबुक, व्हॉट्सॲप आदी माध्यमांत जाऊन बसला. म्हणून लेखकाला तेथे जावे लागते. पण कोठे जावे? मी येथे पार आणि चव्हाटा असा भेद करतो. पारावर बसणारी माणसे एकमेकांना ओळखतात, विषय ठरलेला नसला तरी माणसे ठरलेली असतात, आणि चुकीचे बोलणाऱ्याला तेथेच कोणी तरी थांबवतो. चव्हाट्यावर येणेजाणे सर्वांचे. आपल्या भाषेत 'चव्हाट्यावर येणे' हा नाचक्कीचा वाक्प्रचार आहे, तो उगीच नव्हे.

समाजमाध्यमांत दोन्ही आहेत, आणि लाभ आहे तो पाराचा. जुन्या देवळांच्या स्थापत्याविषयी आस्था असणाऱ्यांचा समूह, एखाद्या घराण्याच्या गायकीचा समूह, एखाद्या तालुक्याच्या बोलीतील शब्द गोळा करणाऱ्यांचा समूह, असे किती तरी लहान लहान पार तेथे आहेत. त्यांत दोनतीनशे माणसे असतील, क्वचित दोनतीन हजार. मराठीत ही रीत 'मायबोली'ने 1996 पासून पाडून दिली आहे. अनुदिनीकाराने आपल्या लेखाचा एक परिच्छेद, जो स्वतःच्या पायावर उभा राहील असा, अशा ठिकाणी ठेवावा आणि खाली घरचा पत्ता द्यावा. जो येईल त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे. आणि जमल्यास ज्यांना नवा लेख थेट पाठवावयाचा, अशा वाचकांची यादी स्वतःजवळ ठेवावी. ती मनोहर ग्रंथमालेच्या वर्गणीदारांची यादीच होय, आणि कोणतेही माध्यम बंद पडले तरी ती आपली राहते.

अशा थोड्या वाचकांनी काय साधते, अशी शंका येईल. अमेरिकेतील अँडी वीअर या लेखकाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्याने 'द मार्शन' ही कादंबरी 2009 पासून आपल्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून विनामूल्य प्रसिद्ध केली. त्याचे नियमित वाचक काही हजारच होते, पण त्यांत शास्त्र जाणणारे बरेच होते. रसायनशास्त्राची वा गणिताची चूक दिसली की ते कळवीत आणि वीअर ती सुधारी. 2011 साली त्याने ती स्वतःच पुस्तकरूपाने विक्रीस ठेवली, 2014 साली मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती काढली आणि 2015 साली तिच्यावर चित्रपट निघाला. या कथेचा शेवटचा भाग लोक फार रंगवून सांगतात. मला महत्त्वाचा वाटतो तो मधला भाग. प्रसिद्धी पुष्कळांना मिळते. लेखन चालू असतानाच तपासणारा जाणता वाचक फार थोड्यांना मिळतो. संपादक नाहीसा झाल्याने अनुदिनीच्या लेखनात जो ढिलेपणा आला आहे, त्यावर हा एकच उपाय मला दिसतो.

आता चव्हाट्याचे. तेथील मालकाचे हित लेखकाच्या हिताशी जुळत नाही. वाचक त्याच्या अंगणात थांबावा ही मालकाची इच्छा. वाचक आपल्या घरी यावा ही लेखकाची. त्यामुळे दुसरीकडचा पत्ता असलेला मजकूर तेथे मागे पडतो अशी लेखकांची सार्वत्रिक तक्रार आहे, आणि तिचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. 2018 च्या जानेवारीत फेसबुकने जाहीरच केले की, यापुढे आप्तमित्रांचा मजकूर अधिक दाखविला जाईल आणि संस्था व प्रकाशने यांचा कमी. ज्यांनी आपले सारे वाचक त्या एका अंगणात गोळा केले होते, त्यांच्या हातात अशा वेळी काय राहते?

परंतु याहून गंभीर हानी लेखनाच्या अंगी उतरते, आणि टीकाकाराने पाहावयाची ती हीच. चव्हाट्यासाठी लिहिणाऱ्याचा परिच्छेद प्रथम तुटतो. एकेका वाक्याची ओळ होते, कारण बोटाने पडदा सरकवणाऱ्यास तेवढेच दिसते. मग आरंभ बिघडतो. प्रत्येक लेख धक्का देऊन सुरू होतो. मग विषय बिघडतो. आज कोणाची जयंती, कोणाचा स्मृतिदिन, काल कोणावर गदारोळ झाला, यांवरून विषय ठरू लागतात आणि लेखकाच्या मनातील सावकाश पिकणारा विषय बाजूला पडतो. शेवटी मत बिघडते. ज्या मताला मोठा प्रतिसाद मिळाला तेच मत थोडे अधिक चढ्या आवाजात पुन्हा मांडण्याचा मोह होतो. एका चांगल्या, माहितीपूर्ण अनुदिनीचे दोन वर्षांत असे रूपांतर झालेले मी पाहिले आहे. लेखकाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; तो अजून लिहितो, पण आता त्याची वाक्ये वाचताना टाळ्यांसाठी सोडलेली जागा दिसते.

याला एक प्रतिवाद आहे आणि तो टाळता येणार नाही. कित्येक जण अनुदिनी न ठेवता थेट फेसबुकवर लिहितात आणि उत्तम लिहितात. विशेषतः ज्यांच्या लेखनाला मासिकांची दारे कधी उघडली नसती अशा खेड्यापाड्यांतील आणि उपेक्षित समाजांतील लेखकांनी तेथे आपला आवाज मिळविला आहे. हे मला मान्य आहे, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. त्यांच्यापुरता चव्हाटा हाच पहिला सभामंडप ठरला. माझे म्हणणे इतकेच की, अशा लेखकाला तर घराची गरज अधिक आहे. ज्याचे पूर्वज लिखितात आले नाहीत, त्याचे स्वतःचे लिखित तरी जाहिरातींच्या प्रवाहात वाहून जाऊ नये.

व्हॉट्सॲपविषयी दोन शब्द निराळे लिहिले पाहिजेत, कारण मराठी कुटुंबांचा मोठा वाचनव्यवहार आज तेथे चालतो. तेथे मजकूर पुढे जातो, लेखक मागे राहतो. नाव गळते, किंवा त्या जागी 'लेखक अज्ञात' असे येते. बरा असेल तर पु. ल. देशपांडे, व. पु. काळे वा कुसुमाग्रज यांच्या नावावर तो चढविला जातो. ज्यांनी ते लिहिले नाही त्यांची आणि ज्याने लिहिले त्याची, अशी दुहेरी हानी होते. एक मजकूर एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे धाडता येऊ नये, असा निर्बंध 2018 मध्ये भारतात घालण्यात आला. तो अफवांसाठी होता. नाव पुसण्याला कोणताही निर्बंध नाही. यावर लेखकाच्या हाती एकच उपाय आहे: संपूर्ण लेख तेथे कधीच ठेवू नये, उतारा ठेवावा, आणि नाव शेवटी न देता मजकुराच्या पोटात यावे.

हे शहाणपण मला अनुभवाने आले. उणकलच्या चंद्रमौळीश्वराच्या देवळाला चारही दिशांना द्वारे आहेत आणि आत चतुर्मुख लिंग आहे. कोणत्याही दारातून आत गेले तरी एक मुख समोर येते. या रचनेचे मला लहानपणापासून कुतूहल. तिच्यावर मी माझ्या अनुदिनीत एक लेख लिहिला आणि त्यात आपल्या मराठी सवयीने देवळाला 'हेमाडपंती' म्हटले. लेख पहिल्या महिन्यात कोणी वाचला असे दिसले नाही. मग त्याचा एक परिच्छेद मी देवळांच्या अभ्यासकांच्या एका लहान समूहात ठेवला. तिसऱ्या दिवशी मराठवाड्यातील एका निवृत्त शिक्षकांचे उत्तर आले. त्यांनी सौम्य शब्दांत लिहिले होते की, हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. चालुक्यकालीन देवळाला त्याचे नाव देणे म्हणजे नातवाचे नाव आजोबाला देणे होय. शिवाय कोणत्याही काळ्या दगडी देवळाला हेमाडपंती म्हणण्याची आपल्याकडे जी रीत आहे, तिच्याविषयी त्यांनी दोन पाने लिहिली होती. ते पत्र माझ्या लेखापेक्षा चांगले होते. मी लेख दुरुस्त केला, दुरुस्तीची तारीख आणि त्यांच्या पत्राचा निर्देश तळाशी घातला, आणि आज आमचा पत्रव्यवहार तीन वर्षे चालू आहे.

परंतु मधल्या काळात कोणी तरी तो मूळ लेख जसाच्या तसा उचलून पुढे धाडला होता. आमच्या कुटुंबाच्या समूहात तो माझ्याच एका आतेभावाने मला पाठविला: 'दादा, तुमच्या उणकलवर कोणी तरी छान लिहिले आहे.' खाली 'लेखक अज्ञात', आणि आत 'हेमाडपंती' तसेच. तेव्हापासून दर श्रावणात तो एकदा तरी माझ्याकडे येतो. मी पाठविणाऱ्याचे आभार मानतो, तो शब्द चुकीचा असल्याचे कळवितो आणि खाली माझ्या अनुदिनीचा पत्ता लिहितो. गेल्या श्रावणात त्या पत्त्यावरून चार जण आले. त्यांतील एका बाईंनी विचारले आहे की, उत्तरेकडच्या द्वाराच्या चौकटीवरील नक्षीचे छायाचित्र मिळेल काय. पाऊस उघडला की जाऊन काढावयाचे आहे.